आई-बाबांचा व्हिसा, खासदाराचं छापील पत्र आणि कोरी मतपत्रिका

प्रश्न असा आला आहे: “मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहतो. २०१९ साली ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालो. आई-बाबा सांगलीला असतात, धाकटी बहीणही तिथंच. २०२१ मध्ये त्यांच्यासाठी पैसे भरून मिळणाऱ्या कायम पालक-व्हिसाचा अर्ज केला. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. खासदारांना दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. कर भरतो, मत देतो, पण माझं म्हणणं कुणाच्या कानावरच जात नाही. पुढच्या वेळी कोरी मतपत्रिका टाकून यावं असं वाटतं. माझं कुठं चुकतंय?”

तुमचं काही चुकत नाही. अर्ज बरोबर केलात, पत्रंही योग्य माणसाला लिहिलीत. फक्त तुमची अडचण तुम्हाला वाटते तशी रेंगाळलेल्या फाइलची नाही. रांग लांब राहावी असाच निर्णय घेतलेला आहे. तो कुणी, कधी आणि कसा घेतला हे कळल्याशिवाय तिसरं पत्र लिहू नका.

मी चौदा वर्षं एका केंद्रीय खासदाराच्या मतदारसंघ कार्यालयात लोकांच्या अडचणी पाहण्याचं काम केलं. तुम्हाला आलं तसलं पत्र मी स्वतः शेकड्यांनी तयार केलं आहे. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात मंत्र्यांच्या कार्यालयाकडून आलेला मजकूर, तिसऱ्यात खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता. नाव आणि तारीख तेवढी बदलायची. हे लिहिताना बरं वाटत नव्हतं, कारण समोर बसलेला माणूस मला दिसत असायचा.

एक गृहस्थ दर सहा महिन्यांनी यायचे. निळी प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात अर्जाची पोच, शुल्काची पावती आणि सगळ्यांत वर आई-वडिलांचा जोडीनं काढलेला फोटो. दर वेळी फाइल माझ्याकडे वळवून ठेवायचे आणि पोचपावतीवरच्या तारखेवर बोट ठेवायचे. चौथ्या वेळी आले तेव्हा फाइल उघडलीच नाही. म्हणाले, “ताई, यातलं एक नाव कमी कसं करायचं?” वडील गेले होते. परिस्थितीत बदल झाल्याचं खात्याला कळवण्याचा एक फॉर्म असतो. तो छापून त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी मला त्यांच्यासाठी एवढंच करता आलं.

आता रांग कशी तयार होते ते पाहू. सरकार दर वर्षी कायम स्थलांतराचा एकूण आकडा ठरवतं. २०२४-२५ साठी तो १,८५,००० होता. त्यात पालकांच्या वाट्याला ८,५०० जागा आल्या. २०२१-२२ मध्ये तर ४,५०० च होत्या. रांगेत उभ्या असलेल्या पालकांची संख्या लाखाच्या पुढे आहे. लाखाला साडेआठ हजारांनी भागलं की उत्तर बारा वर्षांच्या आसपास येतं, आणि मागे नवे अर्ज येतच राहतात. म्हणून आज नव्यानं अर्ज करणाऱ्याला पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसासाठी चौदा-पंधरा वर्षांचा अंदाज दिला जातो आणि कमी शुल्काच्या साध्या पालक-व्हिसासाठी तीस वर्षांहून जास्त. सत्तर वर्षांच्या आईला तीस वर्षं थांबायला सांगायचं, असा याचा अर्थ होतो. २०२३ साली मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सगळ्या स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा सरकारच्याच कागदावर आलं की बहुधा कधीच न मिळणाऱ्या व्हिसासाठी लोकांना अर्ज करू देणं क्रूर आणि अनावश्यक आहे. तुमच्या पुढच्या पत्रात या वाक्याचा उल्लेख जरूर करा.

एवढं सगळं माहीत असून कुणी बदलत का नाही? तुमच्या वैतागाचं मूळ इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पैसे भरायचा व्हिसा २००३ मध्ये सुरू झाला. कल्पना अशी होती की कुटुंबानं खर्चाचा काही भाग उचलला तर जागा वाढवता येतील. आज एका पालकामागे दुसरा हप्ताच ४३,६०० डॉलरचा आहे. दोघांचे ८७,२०० डॉलर झाले, अर्जाचं शुल्क वेगळं. तरीही सरकारी हिशेबात हे पुरेसे नाहीत. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारच्या आर्थिक सल्लागार संस्थेनं २०१६ च्या अहवालात एका पालकाचा आयुष्यभराचा निव्वळ बोजा ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलर धरला. इस्पितळं, औषधं, वृद्धांची देखभाल आणि दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळू शकणारं पेन्शन असा तो हिशेब आहे. कॅनबेरात पालक-व्हिसाचा विषय निघाला की कुणीतरी हा आकडा काढतोच. आपल्या लोकांना तो माहीत नसतो, आणि मग आपण फक्त भावनेवर बोलतो. माझ्या मते तो हिशेब अपुरा आहे. आजी घरात असली की सून लवकर कामावर परतते, पाळणाघराचं सरकारी अनुदान वाचतं, आणि बापाच्या आजारपणापायी इथली पक्की नोकरी सोडून जाणारा इंजिनिअर इथंच राहतो. पण हे म्हणायचं तर आधी आपण त्यांचा आकडा वाचला आहे असं त्यांना दिसायला हवं. आकडा टाळून लिहिलेलं पत्र पुढं सरकत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणजे “हो” म्हणायला पैसा लागतो. “नाही” म्हणायचाही एकदा प्रयत्न झाला होता. २ जून २०१४ रोजी तेव्हाच्या लिबरल-नॅशनल आघाडी सरकारनं साधा पालक-व्हिसा बंदच करून टाकला. तो निर्णय नियमाच्या रूपात होता, आणि असा नियम रद्द करायचा अधिकार सिनेटला, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला, असतो. सप्टेंबरमध्ये सिनेटनं तो फेटाळला आणि व्हिसा पुन्हा सुरू झाला. दोन्ही मोठ्या पक्षांनी, म्हणजे ही आघाडी आणि लेबर यांनी, यातून धडा घेतला की दार लावलं तर स्थलांतरित समाज दुखावतो आणि पूर्ण उघडलं तर खर्च वाढतो. मग दार किलकिलं ठेवायचं आणि “थांबा” म्हणायचं. थांबणाऱ्यांपैकी बरेच जण परदेशात असतात, म्हातारे असतात, त्यांना मत नसतं. त्यांच्या मुलांपैकीही अनेक जण अजून कायम रहिवासीच आहेत, म्हणजे त्यांनाही मत नाही. तुम्ही नागरिक आहात. या रांगेतल्या फार थोड्या माणसांच्या हातात जी गोष्ट आहे, ती तुमच्या हातात आहे. म्हणून कोऱ्या मतपत्रिकेची कल्पना वाचून मला इतकं वाईट वाटलं.

मंत्री बदलल्यानं काही होईल या आशेवर राहू नका. तुमचा अर्ज गेला तेव्हा या खात्याला अ‍ॅलेक्स हॉक होते, मग अँड्र्यू जाइल्स आले, जुलै २०२४ पासून टोनी बर्क आहेत. माणसं बदलली, सरकारही बदललं. आकडा मात्र ४,५०० वरून ८,५०० वर गेला आणि तिथंच थांबला. तरी तो गेला, हेही विसरू नका, कारण तो आपोआप गेला नाही.

तुम्हाला आठवत असेल, कोविडच्या काळात नवरा-बायकोचे व्हिसासुद्धा वर्षानुवर्षं अडकले होते. १९५८ च्या मायग्रेशन कायद्यानं जोडीदार आणि मुलं यांच्या व्हिसांवर कमाल मर्यादा घालायची मंत्र्यांना परवानगी नाही. पालकांवर घालता येते. तरीसुद्धा जोडीदारांच्या व्हिसांचा वार्षिक “नियोजित आकडा” ठरवून व्यवहारात तीच मर्यादा घातली जात होती. २०२१ मध्ये सिनेटच्या समितीनं कुटुंबाच्या व्हिसांवर चौकशी सुरू केली आणि लोकांकडून लेखी निवेदनं मागवली. लोकांनी ती लिहिली, आपल्या फाइलींच्या तारखांसकट. वकिलांनी कायद्याचं कलम पुढं ठेवलं. २०२२-२३ पासून जोडीदारांचे व्हिसा मागणीनुसार द्यायचं ठरलं. फक्त निवेदनांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. निवडणूकही तोंडावर होती. पण समितीपुढं प्रश्न आला, तारखा छापल्या गेल्या, आणि खात्याच्या अधिकाऱ्यांना नोंदीवर उत्तर द्यावं लागलं. छापील पत्रानं ते कधीच होत नाही.

त्यामुळे पहिला बदल पत्रातल्या प्रश्नात करा. “माझ्या आई-बाबांचा नंबर कधी?” असं विचारलंत की कार्यालयातला माणूस खात्याचं संकेतस्थळ उघडतो, तिथला अंदाज उतरवून काढतो आणि पत्र संपतं. खासदार रांग ओलांडून कुणाला पुढं नेऊ शकत नाही, आणि नेता येऊही नये. त्याऐवजी असं विचारा: “पुढच्या वर्षी पालकांच्या जागा ८,५०० वरून वाढवाव्यात की नाही, यावर तुमचं स्वतःचं मत काय? पार्किन्सन समितीनं या व्यवस्थेला क्रूर म्हटलं, त्यावर तुमच्या पक्षानं काय ठरवलं?” याला तयार मजकूर नसतो. आमच्याकडे असा प्रश्न आला की तो माझ्या पातळीवर मिटत नसे. खासदारांच्या टेबलावर जायचाच. पत्र एका पानाचं असू द्या. आपला पत्ता लिहा, म्हणजे मतदार त्यांचाच आहे हे कळतं. बाबांचं वय आणि अर्जाची तारीख पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. पाच जणांनी एकच मजकूर सही करून पाठवला तर तो एकच धरला जातो. पाच जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलं तर पाच पत्रं मोजली जातात.

दुसरी गोष्ट, आपल्या लोकांच्या बिलकूल लक्षात येत नाही. तुमचा प्रतिनिधी एक नाही, तेरा आहेत. एक खासदार कनिष्ठ सभागृहात आणि व्हिक्टोरिया राज्याचे बारा सिनेटर. चौदा वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या किती जणांनी सिनेटरला लिहिलं होतं म्हणाल, तर एका हाताची बोटंही पुरून उरतील. सुरक्षित, म्हणजे एकाच पक्षाकडे हमखास जाणाऱ्या, मतदारसंघातला खासदार तुमच्या एका मतानं हलत नाही हे खरं आहे. सिनेटची गोष्ट वेगळी. तिथं जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, लहान पक्षांची आणि अपक्षांची माणसं निवडून येतात, आणि वर्षातून साधारण तीनदा “एस्टिमेट्स”ची बैठक होते. खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी टेबलापलीकडे बसतात आणि सिनेटर त्यांना तासन्‌तास प्रश्न विचारतात. लगेच उत्तर देता आलं नाही तर नंतर लेखी द्यावं लागतं. विरोधी बाकावरच्या किंवा लहान पक्षाच्या सिनेटरच्या कार्यालयाला बैठकीच्या दोन-तीन आठवडे आधी चांगला, नेमका प्रश्न आयता मिळाला तर त्यांना तो हवाच असतो. “रांगेत असताना गेल्या पाच वर्षांत किती अर्जदारांचा मृत्यू झाला?” हा प्रश्न विचारून घ्या. हे उत्तर संसदेच्या नोंदीत येणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

याचिकेचाही मार्ग आहे. कनिष्ठ सभागृहाच्या ई-याचिकेला एक सहीसुद्धा पुरते. ती चार आठवडे खुली राहते, सभागृहात मांडली जाते, आणि मंत्र्यानं नव्वद दिवसांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. उत्तर बहुतेक वेळा गुळमुळीतच येतं. पण ते मंत्र्याच्या सहीचं असतं, आणि पुढच्या पत्रात त्यावर बोट ठेवता येतं. ऑम्बुड्समनकडे, म्हणजे सरकारी कारभाराच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मात्र या कामासाठी जाऊ नका. कागद हरवला, चुकीचं पत्र आलं, तर जरूर जा. रांग लांब आहे ही तक्रार त्यांच्या अधिकारात फारशी बसत नाही.

आता मत. मतदानाला गेला नाहीत तर केंद्राच्या निवडणुकीत २० डॉलर दंड होतो, हे तुम्हाला माहीत आहे. कोऱ्या मतपत्रिकेला दंड नाही, पण तिचा निरोपही कुणाला पोचत नाही. मोजणीच्या टेबलावर ती “अवैध” गठ्ठ्यात जाते. त्याच गठ्ठ्यात हिरव्या कागदावर, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर, नुसता एकच आकडा लिहून आलेले लोक असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वडीलधाऱ्या नव्या नागरिकांचं असंच होतं, कारण भारतात एकाच चिन्हासमोर बटण दाबायची सवय. (सोसायटीतल्या काका-काकूंना मतदानाच्या आदल्या दिवशी हे एकदा समजावून सांगा. हिरव्या कागदावर प्रत्येक चौकटीत आकडा, सिनेटच्या पांढऱ्यावर रेषेच्या वर (पक्षांच्या चौकटींत) किमान सहा किंवा खाली (उमेदवारांच्या चौकटींत) किमान बारा.) तुमचा राग आणि चूक करणाऱ्याची चूक, दोन्ही एकाच पिशवीत बांधली जातात.

पसंतीक्रमाची पद्धत इथं १९१८ पासून आहे आणि रागावलेल्या माणसासाठी ती फार कामाची आहे. ज्या मोठ्या पक्षावर तुम्ही नाराज आहात त्याला पहिली पसंती देऊ नका. ज्याची भूमिका पटते त्याला १ द्या, मग तो निवडून येण्याची शक्यता नसली तरी चालेल. शेवटी मोठ्या दोघांपैकी कमी वाईट जो वाटतो त्याला दुसऱ्यापेक्षा वरचा आकडा द्या. तुमचं मत वाया जात नाही. पहिला बाद झाला की पुढच्याकडे सरकतं. शिवाय पहिल्या पसंतीची मतं चार टक्के किंवा त्याहून जास्त झाली तर त्या उमेदवाराला किंवा पक्षाला सरकारी निधी मिळतो. २०२५ च्या निवडणुकीत तो एका मतामागे तीन डॉलरहून थोडा जास्त होता. ३ मे २०२५ ला लेबर पक्षानं १५० पैकी ९४ जागा जिंकल्या, पण पहिल्या पसंतीची मतं त्यांना ३५ टक्क्यांच्या आतच होती. लिबरल-नॅशनल आघाडीला ३२ टक्क्यांच्या आसपास. साधारण एक तृतीयांश मतदारांनी पहिला आकडा या दोघांपैकी कुणालाच दिला नाही. पक्षाची माणसं हे आकडे बूथवार घेऊन बसतात. तुमच्या शाळेतल्या बूथवर पहिली पसंती कुठं सरकली, हे त्यांना तुमच्या पत्राआधी दिसतं.

निवडणुकीतल्या वचनांबद्दलही एक अनुभव सांगते. २०१९ मध्ये पाच वर्षांपर्यंत राहता येणारा तात्पुरता पालक-व्हिसा, क्रमांक ८७०, आला. तीन वर्षांचे पाच हजार आणि पाच वर्षांचे दहा हजार डॉलर, आणि एका घरातून दोनच पालक. तेव्हा किती घरांत वाद झाले असतील! माझे आई-बाबा की तुझे, हा प्रश्न सरकारनं नवरा-बायकोच्या मध्ये आणून ठेवला. त्या वर्षीच्या निवडणुकीत लेबरनं शुल्क पावपट करण्याचं आणि दोन्हीकडच्या पालकांना परवानगी देण्याचं वचन दिलं. १८ मे ला ते हरले. २०२२ ला सत्तेत आले, पण ते वचन अमलात आलं नाही. म्हणून २०२८ पर्यंत होणाऱ्या निवडणुकीत उमेदवार मंदिरात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात हात जोडून येतील, तेव्हा स्वागत करा आणि तिथंच विचारा: २०१९ चं वचन अजून लागू आहे का? शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक या देशात होते. इतक्या लोकांना मांडवात येऊन फक्त “नमस्ते” ऐकवणं पुरत नाही, हे त्यांना आपणच सांगायला हवं.

वातावरण अनुकूल नाही, हे मी लपवत नाही. घरभाडी वाढली, घरं मिळत नाहीत, आणि त्याचं खापर स्थलांतरितांवर फोडलं जातं. ३१ ऑगस्ट २०२५ च्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या पत्रकांत तर भारतीयांचं नाव घेतलं होतं. अशा वेळी कुठलाही पक्ष पालकांच्या जागा वाढवायला बिचकतो. पण आई-बाबा येतात ते मुलाच्या घरातल्या खोलीत. ते वेगळं घर शोधत नाहीत. हे एक वाक्य मी खासदारांच्या टिपणात अनेकदा घातलं, तुम्हीही पत्रात घाला.

आणि आता राजकारण बाजूला ठेवून बाबांबद्दल. तुम्ही दोघंच भावंडं, एक इथं आणि एक सांगलीला, म्हणून निम्मी मुलं इथं असण्याची अट तुमच्या बाबतीत पूर्ण होते. तिसरं भावंड महाराष्ट्रात असतं तर अर्जच बाद झाला असता. पण कायम व्हिसाची वैद्यकीय तपासणी रांगेच्या शेवटी होते, आणि या व्हिसाला आरोग्याच्या अटीतून सूट मागता येत नाही. बारा वर्षं थांबून ऐंशीच्या पुढच्या वयात तपासणीत अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे सगळी आशा त्या एका फाइलवर ठेवू नका. तब्येत साथ देते आहे तोवर ८७० चा विचार करा. त्याला तुमचं करपात्र उत्पन्न ८३ हजार डॉलरच्या वर लागतं, आरोग्य विमा घ्यावा लागतो, आणि एकूण मुक्काम दहा वर्षांपर्यंतच. कायम अर्ज रांगेत ठेवून तो घेता येतो का, तुमच्या बाबतीत काही अडचण आहे का, हे नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाकडून एकदा तपासून घ्या. ते जमत नसेल तर पाहुण्यांचा व्हिसा आहेच, पण त्यावर अनेकदा दीड वर्षात बारा महिन्यांहून जास्त राहायचं नाही अशी अट असते, तेव्हा तिकिटं काढण्याआधी व्हिसाच्या पत्रावरच्या अटी वाचा. बहिणीचा पत्ता बदलला, ती परदेशी गेली, तर खात्याला कळवा.

यातलं काहीही करायचं तर पासपोर्ट लागतो, आणि रांगेत उभं राहून तो कधी संपला हे कळतही नाही. आज रात्री सांगलीला फोन कराल तेव्हा आईंना कपाटातून दोन्ही पासपोर्ट काढायला सांगा आणि शेवटची तारीख वाचून घ्या.